‘प्रेरित विक्रेता’ म्हणजे कोण? : एका पिवळ्या पत्राचे वाचन

१

अमेरिकेतील घरांच्या बाजारात ‘मोटिव्हेटेड सेलर’ हा शब्दप्रयोग गेली कित्येक वर्षे रूढ आहे. मराठीत त्याचा सरळ अनुवाद ‘प्रेरित विक्रेता’ असा होईल, आणि कोशाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. मात्र हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला जातो ती माणसे कोण आहेत? ज्याचे कर्जाचे हप्ते थकले आहेत तो, जिचा नवरा नुकताच गेला आहे ती, ज्यांचा घटस्फोटाचा दावा न्यायालयात उभा आहे ते जोडपे, ज्याला गळक्या छपराची दुरुस्ती झेपत नाही तो म्हातारा. या सगळ्यांना त्या बाजाराच्या परिभाषेत ‘प्रेरित’ म्हणतात. मराठीला यासाठी नवा पारिभाषिक शब्द घडवण्याची गरज नाही. आपल्याकडे तो तयारच आहे : अडलेला. नडलेला. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला या धंद्याचे मर्म पुरते ठाऊक असले पाहिजे.

माझे म्हणणे असे आहे, की अडलेल्या घरमालकाला हुडकून त्याच्याशी संपर्क साधण्याचे जे तंत्र अमेरिकेत ‘होलसेलिंग’च्या नावाने शिकवले जाते, ते मुळात भाषेचे तंत्र आहे. विटा, सिमेंट आणि पैसा यांचा त्यात वाटा थोडा. वाचनाचा आणि लेखनाचा वाटा मोठा. म्हणूनच त्याची चिकित्सा अर्थशास्त्र्यांवर आणि वकिलांवर सोपवून मोकळे होण्याचा अधिकार साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना नाही. ही चिकित्सा प्रामाणिकपणे केली तर असे दिसते, की या धंद्याचा सारा डोलारा त्याच्या पत्रांतून जे गाळले जाते त्यावर उभा आहे.

२

आधी व्यवहार समजून घेऊ. ‘होलसेलर’ हा नावाने घाऊक व्यापारी. पण त्याच्यापाशी माल नसतो, गोदाम नसते आणि बहुधा भांडवलही नसते. तो घरमालकाशी खरेदीचा करार करतो, साधारण आपल्याकडील साठेखतासारखा. इसार म्हणून किरकोळ रक्कम ठेवली जाते. कधी शंभर डॉलर, कधी दहासुद्धा. करारात खरेदीदाराच्या नावापुढे ‘आणि/किंवा त्याने नेमलेली व्यक्ती’ अशा अर्थाचे दोनतीन शब्द असतात. घराच्या तपासणीसाठी काही दिवसांची मुदत असते, आणि त्या मुदतीत करारातून अंग काढून घेण्याची मुभाही असते. या अवधीत होलसेलर रोख पैसा बाळगणारा गुंतवणूकदार गाठतो आणि कराराचा हक्क त्याला विकतो. दोन किमतींतील फरक ही त्याची मिळकत. गुंतवणूकदार मिळाला नाही, तर तपासणीच्या कलमाचा आधार घेऊन तो बाजूला होतो. घरमालक मात्र तेवढे आठवडे ‘घर विकले गेले’ या समजुतीत राहिलेला असतो आणि दरम्यान लिलावाची तारीख जवळ आलेली असते.

किंमत ठरवण्याचे गणितही सर्वज्ञात आहे. त्याला ‘सत्तर टक्क्यांचा नियम’ म्हणतात. दुरुस्ती झाल्यावर घराला जी किंमत येईल तिचे ७० टक्के घ्यायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि मग आपला मोबदला काढून घ्यायचा. समजा, दुरुस्त झालेले घर २,००,००० डॉलरना जाईल. त्याचे ७० टक्के म्हणजे १,४०,०००. दुरुस्तीचा खर्च ३०,००० धरला तर उरले १,१०,०००. होलसेलरचे १०,००० गेले, की घरमालकापुढे ठेवायचा आकडा येतो : १,००,०००. न्यायाने बोलायचे तर वरच्या ३० टक्क्यांतून गुंतवणूकदाराला कर्जाचे व्याज, पुनर्विक्रीचा खर्च आणि तोट्याचा धोका सोसायचा असतो. ते सगळे काही फुकटचे लोणी नव्हे. परंतु हे त्रैराशिक होलसेलरला पाठ असते, गुंतवणूकदाराला पाठ असते, शिबिरांतून ते फळ्यावर लिहून शिकवले जाते. ते ठाऊक नसतो तो एकटा घरमालक, आणि घर त्याचे असते.

३

आता पहिला भाग : वाचन. अडलेला माणूस आपण अडलो आहोत असा फलक लावून बसत नाही. त्याला शोधावा लागतो, आणि तो शोध सार्वजनिक दप्तरांतून घेतला जातो. अमेरिकेत प्रत्येक काउंटीच्या कार्यालयात मालमत्तेच्या नोंदी बऱ्याच अंशी खुल्या असतात. कर्ज थकल्याची नोटीस, मालमत्तेवर दाखल झालेला दावा, थकलेला मालमत्ता कर, वारसाहक्काचे प्रोबेट प्रकरण, घटस्फोटाचा खटला, वाढलेल्या गवताबद्दल किंवा मोडक्या जिन्याबद्दल नगरपालिकेने बजावलेली नोटीस : यांतील प्रत्येक नोंदीची एक यादी होते आणि ती यादी विकत मिळते. परगावी राहणारे मालक, रिकामी पडलेली घरे, भाडेकरूंना कंटाळलेले मालक आणि कर्ज पुरते फिटलेले वृद्ध यांच्याही याद्या असतात. शेवटच्या यादीचे महत्त्व विशेष. ज्याने तीस वर्षे हप्ते भरून घर मोकळे केले, त्याची सारी पुंजी त्या घरात असते. म्हणजे घासाघिशीला वावही तिथेच जास्त.

याच्या पुढची पायरी म्हणजे याद्या एकमेकींवर रचणे. एकच नाव थकलेल्या कराच्या यादीत, प्रोबेटच्या यादीत आणि नगरपालिकेच्या नोटिशींच्या यादीतही आले, तर तो विक्रेता अधिक ‘प्रेरित’ मानला जातो. मराठीत सांगायचे तर, ज्याच्या घरी मरण आले, कर्ज आले आणि छप्परही गळू लागले, त्याचे दार आधी ठोठवायचे. आपल्या भाषेत यासाठीही एक वाक्प्रचार आहे. ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी’ या शब्दांनी तो सुरू होतो, आणि तो शिष्टसंमत नसला तरी नेमका आहे.

या वाचनपद्धतीत एक मोठी विटंबना दडलेली आहे. कर्ज थकल्याची नोटीस जाहीर करायची प्रथा का पडली? कर्जदाराला पूर्वसूचना मिळावी, लिलाव चोरून होऊ नये, बोली लावणारे पुष्कळ यावेत आणि घराला बरी किंमत यावी, म्हणून. प्रोबेटची नोंद खुली का असते? मृताचे देणेकरी आणि वारस यांना आपापला हक्क सांगता यावा, म्हणून. दुबळ्या पक्षाच्या रक्षणासाठी लावलेला दिवा आज त्याच पक्षाचा ठावठिकाणा दाखवतो आहे. ‘माहिती सार्वजनिकच आहे, आम्ही ती वाचली तर बिघडले कुठे?’ हा युक्तिवाद या कारणाने अपुरा पडतो. एखादी संहिता कोणत्या हेतूने आणि कोणत्या वाचकासाठी निर्माण झाली, हा प्रश्न आपण वर्गात दररोज विचारतो. मग तो या नोंदींपुरताच गैरलागू का ठरावा?

४

दुसरा भाग : लेखन. नाव आणि पत्ता हाती आला की पत्र जाते. या पत्रांचा एक प्रकार इतका स्थिरावला आहे, की त्याला स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणायला हरकत नाही. त्याला ‘पिवळे पत्र’ म्हणतात. आखीव पिवळा कागद, त्यावर बहुधा लाल शाईतला, किंचित वाकडातिकडा, हाताने लिहिल्यासारखा मजकूर. लिफाफ्यावर खरे तिकीट चिकटवलेले. कंपनीचे नाव, बोधचिन्ह, छापील पत्ता यांतले काही नाही. मजकूर चारपाच ओळींचा. माझे नाव अमुक, मला तुमचे अमक्या रस्त्यावरचे घर विकत घ्यायचे आहे, रोख पैसे देईन, दुरुस्ती करू नका, दलालीही लागणार नाही, या क्रमांकावर फोन करा. काही नमुन्यांत ‘मी आणि माझी पत्नी’ असा कर्ता असतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात एक संसार शोधणारे तरुण जोडपे उभे राहावे. हे हस्ताक्षर बहुतेक वेळा छापखान्यातला टंक असतो. हजारो पत्रे एकाच वेळी निघतात, आणि उत्तर आले नाही तर त्याच पत्त्यावर पाचसहा वेळा पुन्हा धाडली जातात.

वेन बूथ यांनी १९६१ साली ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रूढ केली. ती आज आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्थिरावली आहे. कादंबरीत निवेदकावर विश्वास ठेवावा की नाही, हे ओळखण्याच्या खुणा लेखक वाचकासाठी ठेवतो. त्या खुणा सापडणे हाच वाचनातील आनंदाचा भाग असतो. पिवळ्या पत्राचा निवेदकही अविश्वसनीयच आहे. तो ‘विकत घ्यायचे आहे’ म्हणतो, पण विकत घेणार दुसराच असतो. तो ‘मी’ म्हणतो, पण त्या ‘मी’मागे विकतची यादी आणि छापखाना असतो. तो ‘दलाली लागणार नाही’ म्हणतो. दलाली खरोखरच लागत नाही, कारण किमतीतील फरक आधीच बाजूला काढलेला असतो. कादंबरीशी असलेला फरक हा, की इथे प्रत्येक खूण हेतुपुरस्सर पुसलेली असते. हस्ताक्षर ही खरेपणाची साक्ष असते, या आपल्या सांस्कृतिक समजुतीचा उपयोग खोटेपणा झाकण्यासाठी केला जातो. शैली म्हणजे केवळ अलंकार नव्हे, ती भूमिका असते, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. त्याचे इतके ढळढळीत उदाहरण एखाद्या प्रतिष्ठित संहितेत क्वचितच सापडेल.

पत्रानंतर फोन. क्रमांक शोधण्याच्या उद्योगाला ‘स्किप ट्रेसिंग’ म्हणतात. ही संज्ञा मूळची वसुलीवाल्यांची : देणे बुडवून गाव सोडून पळालेल्याचा माग काढणे. इथे ज्याचा माग काढला जातो तो कुठेही पळालेला नाही. तो आपल्याच घरात बसलेला आहे. तरीही संज्ञा तीच. फोनवर बोलण्याची संहिताही लिहून दिलेली असते. मालकाकडून आधी त्याचा आकडा काढून घ्यावा, आपला सांगू नये. विकायचे कारण हळुवारपणे विचारावे. हे घर विकले गेले नाही तर तुम्ही काय कराल, असा प्रश्न टाकावा आणि मग गप्प बसावे. ज्या बाईचा नवरा गेल्याला दोन महिने झाले आहेत, तिला हा प्रश्न विचारून गप्प बसणे म्हणजे काय, हे समजायला समीक्षाशास्त्राची गरज नाही. सहानुभूतीची सगळी बाह्य लक्षणे इथे उपस्थित असतात. विचारणाऱ्याला उत्तरातून जे हवे असते ते मात्र सवलतीचे टक्के.

५

या धंद्याने स्वतःसाठी निवडलेली रूपके पाहिली की उरलेला संशयही फिटतो. जो गल्लोगल्ली हिंडून पडकी घरे हेरतो आणि होलसेलरला कळवतो, त्याला ‘बर्ड डॉग’ म्हणतात. बर्ड डॉग म्हणजे शिकाऱ्याला पाखरू दाखवून देणारा, मारलेले पाखरू आणून देणारा कुत्रा. शिकारी कोण आणि कुत्रा कोण ते परिभाषेने सांगितले. पाखरू कोण, ते वाचकाने ओळखायचे. विजेच्या खांबांवर आणि चौकांत परवानगीवाचून लावलेल्या ‘आम्ही घरे घेतो’ छापाच्या फलकांना ‘बँडिट साइन’ म्हणतात, म्हणजे दरोडेखोरी फलक. हे नाव टीकाकारांनी दिलेले नाही. धंद्यातील लोकच ते सर्रास वापरतात. ओक्लाहोमा राज्याने २०२१ साली या व्यवसायावर कायदा केला, त्याच्या शीर्षकातच ‘प्रीडेटरी’ हे विशेषण आहे : भक्ष्यावर जगणारा. कायदा करणारे आणि धंदा करणारे, दोघेही शिकारीच्याच भाषेत बोलत आहेत. अपवाद फक्त घरमालकाला धाडलेल्या पत्राचा. तिथे भाषा शेजाऱ्याची असते.

आणि ‘प्रेरित’? प्रेरणा ही आतून येते, अशी आपली धारणा आहे. लिलावाच्या नोटिशीने घाबरलेल्या माणसाला ‘प्रेरित’ म्हटले, की दडपण त्याच्या बाहेर होते ही गोष्टच पुसली जाते. जणू त्याच्या मनात विक्रीची उर्मी दाटून आली होती. अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवताना आपण उदाहरणे शोधत असतो. वाच्यार्थ कौतुकाचा आणि व्यंग्यार्थ सावजाचा, असे उदाहरण आयते हाती आले आहे. उपयोजित मराठीच्या वर्गात अनुवादासाठी असा एक मजकूर दिला, तेव्हा बहुतेक मुलांनी ‘प्रेरित’, ‘उत्सुक’, ‘इच्छुक’ असे पर्याय लिहिले. एका मुलीने ‘गरजू’ लिहिले आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकले. त्या प्रश्नचिन्हाला मी पूर्ण गुण दिले. अनुवादक जिथे अडखळतो, तिथे बहुधा मूळ संहिता काहीतरी लपवत असते.

६

इथे कुणी म्हणेल, की हा इंटरनेटच्या आणि शिबिरांच्या काळातील किरकोळ प्रकार आहे. तसे नाही. विक्रेता शोधण्याच्या आधी विक्रेता घडवण्याचा इतिहास अमेरिकेच्या शहरांना आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकागोसारख्या शहरांत ‘ब्लॉकबस्टिंग’ नावाचा प्रकार चालत असे. गोऱ्यांच्या वस्तीत एखादे घर कृष्णवर्णीय कुटुंबाला मिळाले, किंवा मिळणार अशी हूल उठवली, की दलाल दारोदार फिरत : आता भाव पडणार, वेळीच विका. भीती पसरावी म्हणून कृष्णवर्णीय स्त्रीला पैसे देऊन बाळाच्या गाडीसह त्या रस्त्याने फेऱ्या मारायला लावल्याचीही नोंद आहे. घाबरलेल्यांकडून स्वस्तात घेतलेली हीच घरे मग बँकांनी कर्ज नाकारलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना भरमसाट किमतीत हप्त्यांच्या करारावर विकली जात. एक हप्ता चुकला तरी घरही जाई आणि भरलेले पैसेही. या करारांविरुद्ध शिकागोत १९६८ साली ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ उभी राहिली. त्याच वर्षीच्या फेअर हाउसिंग कायद्याने वंशाची भीती घालून विक्रीस प्रवृत्त करण्याला मनाई केली.

त्या कायद्याने कोणत्या गोष्टीला मनाई केली, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. घर विकत घेणे गुन्हा नव्हता, विकणेही नव्हता. गुन्हा होता तो एक विशिष्ट वाक्य एका विशिष्ट हेतूने उच्चारण्याचा. थोडक्यात, भाषेचा एक वापर कायद्याने निषिद्ध ठरवला. आजचा होलसेलर भीती निर्माण करत नाही. ती आधीच कुठे निर्माण झाली आहे याची यादी तो विकत घेतो. एवढा फरक त्याच्या बाजूने मान्य करू. पण दोघांचे भांडवल एकच आहे.

७

आता आक्षेप. ते सगळेच उथळ नाहीत.

पहिला आक्षेप : ‘ही माणसे खरोखरच अडचणीत असतात. बाजारात रीतसर घर विकायला महिने लागतात, दुरुस्ती करावी लागते, एजंटला पाचसहा टक्के द्यावे लागतात. लिलाव तीन आठवड्यांवर आला असताना जो रोख पैसे घेऊन येतो तो उपकारकर्ताच.’ यात तथ्य आहे. मोडके घर, जवळ आलेली तारीख आणि दूरदेशी असलेले चार वारस असे प्रसंग येतात, आणि तिथे कमी किमतीत पण तातडीने होणारी विक्री शहाणपणाची असू शकते. परंतु या युक्तिवादाने समर्थन होते ते रोख खरेदीदाराचे. होलसेलर स्वतः खरेदी करत नाही. रोख खरेदीदार आणि अडलेला मालक यांची गाठ घालून देणे हे मध्यस्थाचे काम आहे, आणि मध्यस्थाने आपण मध्यस्थ आहोत हे सांगितले पाहिजे. उपकार करायचाच असेल, तर तो आपल्या खऱ्या नावाने करायला अडचण काय आहे?

दुसरा आक्षेप : ‘कुणी जबरदस्ती केलेली नाही. मालकाने सही केली. प्रौढ माणसाची संमती आहे, मग तक्रार कसली?’ या ठिकाणी मराठी वाचकाला आपल्याच इतिहासाची आठवण व्हावी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. त्या प्रत्येक रोख्यावर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा होताच. कागदाच्या दृष्टीने संमती परिपूर्ण होती. दख्खनच्या या दंग्यांनंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तजवीज केली. एका वसाहतवादी सरकारला जे १८७९ साली मान्य करावे लागले ते असे, की सही हा संमतीचा पुरावा असतो, परंतु पुरावा तपासता येतो. देश वेगळा, कर्ज वेगळे. पण ‘सही केली ना?’ हा प्रश्न तोच आहे आणि त्याचे उत्तरही तेच.

पेनसिल्व्हेनियाचा २०२४ साली मंजूर झालेला कायदा वाचताना ही आठवण अधिकच ठळक होते. त्याने होलसेलरला परवाना घ्यायला लावला, आपण होलसेलर आहोत हे मालकाला सांगण्याचे बंधन घातले आणि मालकाला करार रद्द करण्याचा हक्क दिला. इलिनॉयने २०१९ साली, बारा महिन्यांत एकाहून अधिक असे व्यवहार करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. साउथ कॅरोलायनाने २०२४ साली कायद्यात या धंद्याची व्याख्याच घालून त्याला मज्जाव केला. एकामागून एक राज्ये ज्या गोष्टीकडे वळत आहेत, ती म्हणजे सहीच्या आधी काय सांगितले गेले याची चौकशी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : ‘होलसेलर हा बहुधा स्वतःच गरीब असतो. त्याला बँक कर्ज देत नाही, त्याच्याकडे पदवी नाही. विनाभांडवल वर येण्याचा हा एक मार्ग त्याला सापडला आहे. प्राध्यापकांनी पगारी सुरक्षिततेतून त्याला नीती शिकवू नये.’ आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच दोष कुठे आहे ते नीट पाहिले पाहिजे. विजेच्या खांबावर रात्री फलक ठोकणारा तरुण हा स्वतःही कुणाच्या तरी यादीत असतो. नोकरी गेलेला, कर्जात असलेला, झटपट वर येऊ पाहणारा, म्हणजे पुन्हा ‘प्रेरित’ माणूस, ही शिबिरे विकणाऱ्यांची गिऱ्हाईके. घरांच्या व्यवहारांची अशी शिबिरे विकणाऱ्या झुरिक्स या कंपनीविरुद्ध २०१९ साली फेडरल ट्रेड कमिशन आणि युटा राज्याने फसव्या दाव्यांबद्दल खटला भरला होता. साखळी अशी आहे : शिबिरवाला तरुणाची गरज वाचतो, तरुण म्हातारीची गरज वाचतो. सर्वांत खालच्या पायरीवर जी उभी आहे, तिला वाचायला दिले जाते ते एक पिवळे पत्र. तरुणाबद्दल सहानुभूती असणे आणि त्याच्या पत्राचे समर्थन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही साखळी केवळ एकट्यादुकट्या फलकवाल्यांची आहे असेही समजू नये. ‘आम्ही कुरूप घरे विकत घेतो’ अशा अर्थाच्या घोषवाक्याने देशभर जाहिरात करणाऱ्या होमव्हेस्टर्स या साखळी कंपनीच्या काही फ्रँचायझींनी वृद्ध, आजारी आणि बेघर होण्याच्या भीतीत असलेल्या मालकांना हेरून फसवे मार्ग वापरल्याचे प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने मे २०२३ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. घोषवाक्यातील ‘कुरूप’ हे विशेषण कसे काम करते ते पाहा : किमतीची बोलणी सुरू होण्यापूर्वीच घराची किंमत त्याने पाडून ठेवलेली असते, आणि मालक स्वतःच्या घराबद्दल ते विशेषण मान्य करूनच फोन उचलतो.

८

शेवटचा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि मला तो सर्वांत कमी सहन होतो. ‘हे सगळे ठीक, पण यात वाङ्मयाचा काय संबंध? साहित्याच्या अभ्यासकाने कविता आणि कादंबरी पाहावी, जाहिरातीची पत्रे कशाला?’

संबंध असा. आपल्या विभागांतून बाहेर पडणारी बहुसंख्य मुले कविता लिहून पोट भरणार नाहीत. ती जाहिरातीचा मजकूर लिहितील, अनुवाद करतील, कुणाच्या तरी फोनसंहितेचे शब्द उच्चारतील. परदेशी बाजारांसाठी असे फोन करण्याची आणि मजकूर लिहिण्याची कामे देशोदेशीच्या भाषाकुशल तरुणांना दिली जातात. त्यांपैकी एखाद्यापुढे उद्या पिवळ्या पत्राचा नमुना येईल आणि ‘जरा अधिक आपुलकीचे वाटेल असे करून द्या’ अशी मागणी होईल. ती मागणी पूर्ण करण्याचे कसब आपण त्याला शिकवलेले असेल. तिच्याकडे संशयाने पाहण्याचे शिकवले आहे का? ‘उपयोजित मराठी’च्या पाठ्यपुस्तकांत पत्रलेखनाचे नमुने असतात, जाहिरातीच्या आकर्षकतेचे निकष असतात. त्या मजकुरातून काय गाळले आहे, आणि ते गाळल्याचा फायदा कुणाला, हा प्रश्न विचारणारे प्रकरण क्वचितच असते. समीक्षा ‘ललित’पुरती आणि तंत्र ‘उपयोजिता’पुरते, अशी वाटणी आपण सोयीने करून घेतली आहे. या वाटणीमुळे ललित साहित्याची शान वाढत नाही. फक्त बाकीची सारी भाषा चिकित्सेविना मोकाट सुटते.

माझी मागणी दुहेरी आहे. पहिली त्या धंद्याकडे. पिवळ्या पत्रात तीन वाक्ये घालावीत. एक : तुमचे नाव मला अमुक यादीतून मिळाले. दोन : मी घर विकत घेणार नाही, तुमच्याशी केलेला करार मी दुसऱ्याला विकणार आहे आणि त्यातून मला पैसे मिळतील. तीन : बाजारात रीतसर विकल्यास तुम्हाला याहून अधिक किंमत येण्याचा संभव आहे, सही करण्यापूर्वी एखाद्या एजंटला किंवा वकिलाला विचारा. या तीन वाक्यांनंतरही जो मालक फोन करील, त्याला खुशाल स्वेच्छेने आलेला विक्रेता म्हणावे. त्याच्याशी झालेल्या व्यवहाराला माझा आक्षेप नाही. आणि ही वाक्ये घातल्यावर फोन येणे बंद होईल अशी धास्ती वाटत असेल, तर आपण कशाचा व्यापार करतो हे त्या धास्तीनेच सांगितले आहे.

दुसरी मागणी आपल्याकडे. पुढच्या सत्रात पिवळ्या पत्राचा एक नमुना अनुवादासाठी नव्हे, समीक्षेसाठी वर्गात ठेवावा. निवेदक कोण, संबोधित कोण, कागदाचा रंग काय सांगतो, कोणते वाक्य गाळले आहे आणि का : एवढे चार प्रश्न द्यावेत. कवितेच्या चार ओळींवर तासभर बोलणारे आपण, पत्राच्या चार ओळींवर पाऊण तास नक्कीच बोलू शकू. ‘मोटिव्हेटेड’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द मुलांनीच सुचवावा. माझ्या वर्गातील त्या मुलीने ‘गरजू’पुढे जे प्रश्नचिन्ह टाकले होते, ते तास संपेपर्यंत बहुतेकांच्या वहीत यावे, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.